देवीच्या कोंबड्याला कसला फ्लू?

कोलशेतच्या काळुरामला कोंबड्यांतलं काही कळत नाही, असं म्हणायची गावात कुणाची छाती नव्हती. मिठागर सुटलं, जमीन बिल्डरकडे गेली, बदल्यात नवव्या मजल्यावर फ्लॅट आला. तरी पठ्ठ्यानं बाल्कनीत खुराडं घातलंच. चकचकीत मार्बलवर अकरा गावठी कोंबड्यांचा संसार!

परवाच्या थंडीत दोन दिवसांत चार कोंबड्यांनी माना टाकल्या. काळुराम नावाच्या तज्ज्ञानं लगेच निदान केलं: समोरच्या टॉवरवाल्यांची नजर लागली. खुराड्याला लिंबू-मिरची बांधली. विषाणूला ती दिसली नसावी.

तिसऱ्या दिवशी सरकारी पशुवैद्य संचिता मॅडम आल्या, चंद्रावर निघाल्यासारख्या नखशिखांत झाकून. म्हणाल्या, "आजोबा, हा बर्ड फ्लू आहे. माणसालाही होऊ शकतो. सगळे पक्षी द्यावे लागतील."

"मानसाला? सत्तर वर्सं यांच्यात काढली मॅडम, मना काय झालं नाय!"

कुरकुरत त्यानं सहा कोंबड्या दिल्या. सातवा कोंबडा मात्र बाथरूममध्ये कोंडला. नात तापातून उठावी म्हणून तो गावदेवीला नवसानं बोललेला होता.

"देवीचा कोंबरा हाय, त्याला कसला फ्लू?" त्यानं बायकोला, बायजाला, ठणकावलं. जणू विषाणू आधी मालकाचं नाव विचारतो आणि मग आत शिरतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीचा सेक्रेटरी विनीत हसतमुखानं दारात. "काका, कोंबड्या गेल्या ते बरं झालं हो! दोन वर्षांत पहिल्यांदा सात वाजेपर्यंत झोपलो."

काळुरामच्या आत्ता ध्यानात आलं: कोंबडा आरवलाच नव्हता.

त्यानं धावत जाऊन बाथरूम उघडलं. बायजा कोंबड्याला मांडीवर घेऊन बसलेली. तोंडात पाण्याचा घोट घ्यायची आणि त्याच्या चोचीत सोडायची. मरगळलेलं पाखरू असंच वाचवतात, हे तिला लग्नानंतर काळुरामनंच तर शिकवलेलं.

"वाईच प्याला बगा," ती म्हणाली, आणि खोकली.

सत्तर वर्षांचा अनुभव त्या एका खोकल्यासरशी कुठे पळाला कोण जाणे! काळुरामनं संचिता मॅडमना फोन लावला. "मॅडम, एक कोंबरा लपवला होता. चुकलो. पन आधी आमच्या मंडळींना बगा, कोंबऱ्याचं मागून."

"अवो, आन देवीला काय सांगाल?" बायजानं विचारलं.

"देवीला मी सांगतो. तू आधी साबणानं तोंड धू!"