शटरवर चिकटवलेलं पत्र

मी टेलर आहे आणि दोन वर्षं मला सुईचं भोक दिसत नव्हतं.

गडचांदूरच्या बाजारात माझं एकट्याचं दुकान. मालक मी, नोकरही मीच. डोळ्यांचं कळलं असतं तर गिऱ्हाईक चंद्रपूरला रेडिमेड घ्यायला गेलं असतं. म्हणून मी अंदाजानं शिवत राहिलो आणि उशीर झाला की कारणं सांगत राहिलो. मशीनची मोटर जळाली, लाइट गेली, उंदरानं दोरा कुरतडला. (दुकानात उंदीर नाही. त्या बिचाऱ्याची मी फार बदनामी केली.)

त्यात कोरपन्याकडच्या नामदेवभाऊंच्या लेकीचं लग्न आलं. सात ब्लाऊज कापून पडलेले आणि लग्न रविवारी.

"मास्तर, सोमवारपासून मोटरच जळून राह्यली तुमची. पोरगी का कापड गुंडाळून बोहल्यावर उभी राहीन?"

"उद्या नक्की, भाऊ."

असं मी तीन दिवस म्हणालो. बुधवारी ठरवलं, निदान बायकोला सांगायचं. पण तोंडानं बोलणं मला लग्नापासूनच जमलेलं नाही. कपड्याचा फर्मा आखायच्या मोठ्या कागदावर पत्र लिहिलं: "सुलभा, मोटर चांगली आहे, बिघडलो मी आहे. मला सुई दिसत नाही. नामदेवभाऊंच्या लेकीचे ब्लाऊज खराब होतील म्हणून हात लावत नाही. दुकान बंद पडलं तर तुला काय सांगू? उंदराचंही खोटंच होतं." मग ते वाचून पाहिलं. म्हणजे, वाचायचा प्रयत्न केला. आणि द्यायची हिंमत झाली नाही.

गुरुवारी सकाळी "अस्तर आणतो" असं घरी सांगून चंद्रपूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघालो. शटरवर सूचना हवी. कोरा कागद कशाला वाया घालवायचा, म्हणून त्याच पत्राच्या मागे लिहिलं, "मशीन बिघडली. दुकान आज बंद." एका बाजूला खळ फासली, कागद चिकटवला, बस पकडली.

खळ मी सूचनेवर फासली होती. पत्र सगळ्या बाजारासमोर.

डॉक्टर म्हणाले, "चाळिशी आहे. जवळचा चष्मा लावा."

"आंधळा नाई ना होणार?"

"शेहेचाळीसचे झालात, एवढंच झालंय तुम्हाला."

चष्मा खिशात घालून दुपारी परतलो, तर शटर वर आणि दुकानात माणसं. शेजारच्या बांगडीवाल्या शकीलाबाई तुरपाई करताहेत. मशीनवर सुलभा; घरची दुसरी किल्ली तिनंच आणलेली. (तिला शिलाई येते का, हे वीस वर्षांत मी विचारलंच नव्हतं.) आणि नामदेवभाऊ जीभ दातांत धरून सुईत दोरा ओवताहेत.

"हे काय चाललं?" मी विचारलं.

"तुमची मोटर सुधरवून राह्यलो," नामदेवभाऊ म्हणाले. "काऊन जी, एकटेच कुढत बसले? मले म्हटलं असतं त दोरा ओवून देल्ला असता. कापसावरची अळी दिसते मले, सुई का दिसत नाई?"

"पहिले उंदराची माफी मागा," शकीलाबाई म्हणाल्या.

सुलभानं मान वर केली नाही. "पत्र मले होतं ना? मंग माह्याआधी अख्ख्या बाजारानं काऊन वाचलं?"

मी चपला काढून आत आलो.

"अस्तर कुठी आहे?"

मी खिशातून चष्मा काढला. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"लावा मंग," ती म्हणाली. "आमालेबी पाहू द्या."

मी लावला. ब्लाऊज शनिवारी सकाळीच तयार झाले आणि मुलगी त्यातलाच एक घालून लग्नाला उभी राहिली. पण त्या दुपारी चष्म्यातून मला पहिल्यांदा दिसला तो अगदी शेजारी बसलेल्या नामदेवभाऊंच्या अंगावरचा शर्ट. कॉलरचं एक टोक छातीकडे, दुसरं कानाकडे. खिसा असा तिरपा, की आतला पेन बाहेर डोकावत होता.

"भाऊ, हा शर्ट मीच शिवला का?"

"हो मंग. मागच्या दिवाळीले."

"खिसा वाकडा आहे."

"हाये ना. रोज पेन पडते."

"मंग बोलले काऊन नाई?"

"कारणं सांगताना तुमी स्वतःच लाजून राह्यले होते. आमी अजून काय म्हणाव?"

शकीलाबाईंनी आपल्या मुलाला बाहेरून हाक मारली आणि त्याची मी शिवलेली पँट मला दाखवली: एक पाय आखूड, एक लांब. मी मान खाली घातली.

मला वाटत होतं, मी दोन वर्षं गोष्ट लपवून ठेवली. अख्खं गाव ती अंगात घालून फिरत होतं.