कुमुदचा गळ

पौषातलं धुकं खिडकीच्या काचेला टेकून उभं राहिलं की चंडीगढच्या या घरात मला खाडीचा वास येतो. खारा, चिखलाचा, किंचित कुजलेल्या पानांचा. समुद्र इथून कुठल्या कुठे. पण कपाटाचा सर्वांत खालचा खण मी अजून आवरलेला नाही, आणि तो वास तिथूनच येत असावा.

मुलांनो, तुमची आजी याद्यांवर जगते म्हणून तुम्ही फोनवर हसता. गेल्या हिवाळ्यात कुमुद आणि नलू या मैत्रिणींबरोबर मी कोकणात गेले, होडीने खाडीच्या मुखाशी असलेल्या निर्मनुष्य बेटावर एक रात्र तंबूत राहायला, तेव्हाही यादी माझीच होती. कुमुद चंडीमंदिर छावणीच्या क्वार्टर्समधली आमची भिंतीपलीकडची शेजारीण. सेक्टर बत्तीसच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी तिला पुढच्या उपचारांआधी दहा दिवसांची मोकळीक दिली होती. ती कशासाठी, हे आम्ही तिघी न बोलता जाणत होतो. लहानपणी तिचे भाऊ याच खाडीत गळ टाकायचे आणि तिला काठावर कपडे राखायला बसवायचे. एकदा स्वतःच्या हाताने मासा धरायचा, एवढीच तिची इच्छा उरली होती.

दुपारी ओहोटीला पोहोचलो. होडीवाले तात्या खारफुटीतल्या कांदळाच्या मुळाला होडी बांधून पलीकडे लाकडं आणायला गेले. संध्याकाळी भरती आली की गळ टाकायचे होते. होडीची दोरी मात्र चिखलात ढिली लोळत होती, आणि उभा फौजी संसार तंबूच्या दोऱ्या ताणण्यात घालवलेल्या माझ्या हातांना ते बघवेना. मी ती आखडून घेतली, दोन पक्क्या गाठी मारल्या आणि समाधानाने चहा ठेवला.

पाणी चढत गेलं. होडीचं नाक माझ्या गाठींनी खाली धरून ठेवलं होतं. मावळतीच्या उजेडाने तांबूस झालेलं पाणी तिच्या काठावरून आवाज न करता आत शिरलं. आम्ही धावलो, तोवर होडीतले गळ, आमिषाची टोपली, सारं प्रवाहाला लागलं होतं.

"दोरी कोणी ताणल्यान?" लाकडांची मोळी टाकून तात्यांनी विचारलं. "बाय, पाणी चढता. होडयेक जागा लागता."

"मी," मी म्हणाले. नलूने तोंड फिरवलं. कुमुद ओल्या वाळूत बसून हसत होती.

"होडीला सावधान उभं केलंस, यार! विश्राम कोण म्हणणार?"

मी काही बोलणार, तोच ती म्हणाली, "चहा दे आधी. वेलची आहे ना? यादीत होती."

सकाळी तात्यांनी पाणी उपसून होडी वर काढली. मुळांत अडकलेला एक गळ सापडला, दोऱ्याचा गुंता झालेला. कुमुदने तो ओंजळीत घेतला. पण तिला हुडहुडी भरली होती, पुढच्या भरतीपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. चैत्र उजाडण्याआधी ती गेली. त्याआधी तो गुंता माझ्या हाती देत म्हणाली, "तू सोडव. तुझ्याशिवाय कुणाला जमणार?"

रोज तो खणातून काढते. एक टोक सापडतं. ओढलं की आत कुठेतरी गाठ आवळते. हल्ली ओढत नाही. धुक्यातून ऊन येईपर्यंत नुसता हातात धरून बसते.