काचेपलीकडची मुलगी

त्या सिनेमाला पेपरवाल्यांनी दीड स्टार दिला होता, आणि दहावीच्या सुट्टीत नांदेडला मामांसोबत मी तो हिंदीत पाहिला तेव्हा मलाही तो दीड स्टार जास्तच वाटला. म्हणायला भविष्यातलं शहर, पण ना बंदुका, ना बंड. नुसती एक बिनखिडक्यांची उंच इमारत आणि आत शिकणारी मुलं. दर परीक्षेनंतर त्यांचे मजले बदलतात. वरच्यांना ऊन मिळतं, खालच्यांना ट्यूबलाइट. भेटीच्या दिवशी आईबाप काचेपलीकडे येऊन उभे राहतात आणि हसून विचारतात, आता कितवा मजला? मामा अर्ध्यातच घोरायला लागले. आठवडाभरात सिनेमा उतरला.

मग मला लातूरला क्लासला घातलं. पोरीला डॉक्टर व्हायचंय, असं पप्पांनी उमरीतल्या आमच्या खताच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगून टाकलं होतं. मला तेवढं विचारायचं राहिलं. होस्टेलची खिडकी उघडली की समोर दुसऱ्या होस्टेलची भिंत. दर टेस्टनंतर मार्कांप्रमाणे बॅच बदलायची. रविवारी गेटपाशी आईबापांची ही गर्दी, हातात शेंगदाण्याच्या चटणीचे डबे, आणि डबा हातात द्यायच्या आधी प्रश्न, कितवी बॅच? तिथं उभी असताना तो सिनेमा मला पहिल्यांदा कळला. त्यात दुष्ट असं कुणी नव्हतंच. सगळे प्रेमानंच बोलायचे. लोकांना एखादा राक्षस हवा होता, तो मिळाला नाही म्हणून सिनेमा पडला. मला तो आवडतो तो नेमका त्यासाठीच, आणि त्याला रटाळ म्हणणाऱ्यांचा मला अजून राग येतो.

दिवाळीला घरी आले तेव्हा अंगातले कपडे ढगळ झाले होते, झोप उडाली होती. परत जायचं नाही एवढंच मला सांगायचं होतं, पण जीभ रेटत नव्हती. शेवटी एका दुपारी दुकान बंद असताना मी टीव्हीवर तोच सिनेमा लावला आणि पप्पांना शेजारी बसवलं. मला जे बोलता येईना, ते सिनेमानं बोलावं, अशी माझी आशा होती.

पप्पा पार गुंगून गेले. शेवटाकडे तळमजल्यावरची मुलगी काचेला हात लावून म्हणते, मला घरी न्या. आणि बाप हसून तिला पुढच्या परीक्षेचं विचारतो. तिथं त्यांनी रुमालानं डोळे पुसले.

"कसला बाप हाय माय ह्यो," ते म्हणाले. "लेकरू मरून राहिलं अन् याला दिसंना."

आता नाही तर कधीच नाही, असं वाटलं.

"पप्पा, मला लातूरला न्हाई जायचं."

त्यांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. अगदी मायेनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"ह्या टायमाला कितवी बॅच हाय तुझी?"

भाऊबीज झाली आणि ते स्वतः मला लातूरला सोडून आले. आज मी डॉक्टर आहे. घरी कुणी पाहुणे आले की पप्पा मला शेजारी बसवून घेतात, त्या सिनेमाची गोष्ट सांगतात, आणि त्या बापाला शिव्या घालतात.