अंबूताईंच्या कापलेल्या कडा

सरसाच्या डब्यात बोट बुडालं की आठ दिवस चिकटपणा जात नाही. किस्स्यांचंही तसंच. एकाच वाचनालयाची पुस्तकं पन्नास वर्षं शिवत बसा, नको म्हटलं तरी अंगाला चिकटतात. मला चिकटलेत ते बहुतेक माझ्याच मूर्खपणाचे. आणि सगळे एका बाईपायी!

बाईंचं नाव अंबूताई. शंभरेक वर्षांमागं आमच्या वडूजमध्ये चुलीपुढं बसून त्यांनी पाच कादंबऱ्या लिहिल्या. मी त्यांना पाहिलेलं नाही. फक्त त्यांची पुस्तकं उसवलीत, शिवलीत आणि कापलीत.

*

माझं शिक्षण चौथी नापास. तरी अंबूताईंच्या पाचही कादंबऱ्या वाचल्यात म्हणून मी बाजारपेठेत मिरवायचो. तसं ते खोटं नव्हतं. बाइंडर पुस्तक कसं वाचतो, ठाऊक आहे? सोळा पानांचा एक फर्मा. फर्मे ओळीनं लावायचे तर प्रत्येकाचं पहिलं पान बघावं लागतं. म्हणजे पान एक, मग सतरा, मग तेहतीस. मधलं सगळं अल्लाच्या हवाली!

त्यांच्या शेवटच्या कादंबरीत पहिल्या पानावर दुर्गीचं लग्न. सतराव्यावर दुर्गी विधवा. तेहतिसाव्यावर मांडव आणि वाजंत्री! मी चहाच्या गाड्यावर जाहीर केलं, "बाईनं त्या काळात विधवेचं लगीन लावलंय, गड्या! लय धीट!"

वर्षभर हेच सांगत फिरलो. शेवटी आमच्या ग्रंथपाल शुभांगी मॅडमनी समोर बसवून मधली पानं वाचून दाखवली. ते लग्न दुर्गीच्या दिराचं होतं. दुर्गी माजघरात पापड तळत होती.

"आवं मॅडम, मग बाईनं हिचं लगीन का न्हाई लावलं?" मी चिडलोच.

"चाचा, तुम्ही मधलं वाचलं नाहीत म्हणून तरी वर्षभर लागलं तिचं!"

*

मूर्खपणा आमच्या घराण्यातच आहे. अंबूताईंची पहिली कादंबरी त्यांच्या नवऱ्याच्या नावानं छापली होती. नवरा कचेरीत कारकून. लोक गाठून विचारायचे, "रावसाहेब, पुढं त्या पोरीचं काय होतं?" ते म्हणायचे, "उद्या सांगतो." आणि घरी जेवताना बायकोला विचारायचे!

दुसरी कादंबरी बाईंनी भांडून स्वतःच्या नावानं काढली. बाइंडिंग माझ्या आज्याकडं. आज्यानं सवयीनं पाठीवर सोनेरी अक्षरांत नवऱ्याचंच नाव ठोकलं.

बाई स्वतः दुकानाच्या पायरीवर आल्या. त्या काळात! पुस्तक पुढं धरलं. "आत मी आणि बाहेर हे? घरात चाललंय तेवढं पुरे!"

आज्यानं घाबरून पाठ बदलली. बदलताना कडा वाकड्या वाटल्या म्हणून पुन्हा कापल्या. पुस्तक बोटभर लहान झालं. बाईंनी ते वितीनं मोजून बघितलं आणि तसंच घेऊन गेल्या म्हणे.

*

वाचनालयाला अंबूताईंचा फोटो हवा होता. मिळेना. आमचे अध्यक्ष बापू मिलिटरीतले सुभेदार, हार मानणारा माणूस नव्हे. घरच्या ट्रंकेतनं एक नऊवारीतला फोटो घेऊन आले. "ह्याच त्या. फ्रेम करा. ऑर्डर हाय."

फ्रेम मी केली, खाली 'अंबूताई' अशी पाटी ठोकली. फोटोच्या मागं काहीतरी नाव लिहिलं होतं. ते दिसायला बरं दिसेना, म्हणून त्यावर मीच पुठ्ठा चिकटवला!

कैक वर्षं आम्ही हार घातले, भाषणं केली. मग एकदा फलटणहून बापूंच्या नात्यातली म्हातारी आली आणि दारातच थबकली. "अगं बया! ही तर आमची सोनामावशी! हिला सही येत न्हवती, हिला हितं कुणी बसवली?"

सगळे बापूंकडं बघायला लागले. बापू ताठ. "मग? अंबूताईंनी असल्या बायांसाठीच लिवलं न्हवं का?"

फोटो अजून तिथंच आहे. पाटी तेवढी मी काढून आणली.

*

एक पोरगी साताऱ्याहून आली. अंबूताईंवर पीएचडी करत होती. माझ्या तोंडापुढं मोबाईल धरला. "चाचा, अंबूताईंच्या लेखनाचा तुमच्या जीवनावर काय परिणाम झाला?"

"कंबर गेली."

"म्हणजे?"

"पाच कादंबऱ्या, एकेक चारशे पानांची. वाकून वाकून शिवल्या. जरा आखूड लिवलं असतं तर काय बिघडलं असतं?"

तिनं तसंच यूट्यूबवर टाकलं. वर नाव दिलं, 'स्त्रीलेखनाचा भार वाहणारा कारागीर'! आता रस्त्यात लोक माझ्या कंबरेची चौकशी करतात.

*

गेल्या वर्षी मॅडमनी दुर्गीची कादंबरी नव्यानं छापायची ठरवली. छापील पुस्तकात दुर्गी शेवटी दिराच्या घरी झिजून मरते. पण म्हातारपणी अंबूताईंनी ओसरीवर मुलींची शाळा काढली होती, आणि त्या शाळेतली नव्वदीची एक आजी अजून हयात आहे. ती मॅडमना म्हणाली, "बाईंना तो शेवट मान्य न्हवता. त्यांच्या स्वतःच्या पुस्तकात कडेनं पेन्सिलीनं दुसरा शेवट लिवलेला मी बघितलाय."

बाईंची स्वतःची पुस्तकं त्यांच्यामागं वाचनालयालाच आलेली, म्हणजे ते पुस्तक आमच्याच कपाटात! मॅडमनी धावत जाऊन उघडलं आणि मला बोलावणं पाठवलं.

शेवटच्या पानांच्या कडेला पेन्सिलीच्या नुसत्या शेपट्या. काना, मात्रा, वेलांटीचं टोक. बाकी कड कापलेली.

"चाचा, ह्या कडा कुठं गेल्या?"

"वाळवी," मी म्हणालो.

"वाळवी पट्टी लावून खाते का?"

मग कबूल केलं. तीसेक वर्षांमागं मी कटिंग मशीन घेतलं होतं. नवं मशीन, हाताला येईल ते कापत सुटलो होतो. कडेला कायतरी खरडलंय, साफ केलेलं बरं, असं वाटलं होतं.

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या चष्मा पुसत बसल्या. "म्हणजे दुर्गीचं काय झालं, ते आता कुणालाच कळणार नाही."

दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. पुस्तकातल्या बाईसाठी! मी ज्या पोरीचं वर्षभर खोटं लग्न लावत फिरलो, तिचा खरा शेवट मीच कापून टाकला होता.

तिसऱ्या दिवशी आठवलं. जुना जाड कागद मी कधी टाकत नाही. पट्ट्या करून दुसऱ्या पुस्तकाच्या पाठीला आतनं चिकटवतो, मजबुतीला. त्याच आठवड्यात शिवायला कुठलं पुस्तक होतं? त्यांचीच पहिली कादंबरी. नवऱ्याच्या नावाची!

वाचनालयात गेलो आणि माझ्या हातचं सगळ्यात देखणं बाइंडिंग मीच उसवलं. सरस ओल्या फडक्यानं भिजवला. पट्ट्या सुटायला लागल्या. बाईंनी कडेनं उभं लिहिलं होतं, म्हणून एकेका पट्टीवर आख्खी ओळ! सात निघाल्या. मॅडमनी टेबलावर ओळीनं मांडल्या आणि वाचायला लागल्या. 

"दुर्गी मेली नाही. ते छापणाऱ्यास हवे होते. तिने दिराकडून चाव्या मागून घेतल्या, ओसरीवर पाच मुली बसवल्या आणि पहिल्या पाटीवर स्वतःचे नाव लिहिले."

"शाब्बास!" बापू सोनामावशीच्या फोटोखालनं ओरडले.

सातवी पट्टी दुर्गीच्या पुस्तकाच्या पहिल्या पानाची होती. मॅडमनी ती मनातल्या मनात वाचली, ओठ दाबले आणि माझ्यापुढं सरकवली.

"ही तुम्हीच वाचा, चाचा. तुमच्या घरचंच आहे."

मी चष्मा लावला. एकेक अक्षर जुळवत मोठ्यानं वाचलं,

"बाइंडरास ताकीद. कडा कापू नये. कापल्यावाचून राहवणार नाही, तरी कापू नये."