चांगुणाबाईंनी न घेतलेली पेन्शन

चांगुणाबाई अहिरे यांचा आवाज मोठा होता आणि त्याची त्यांना कधी लाज वाटली नाही. अंबरनाथच्या रंगाच्या कारखान्यात, पॅकिंग खात्यात त्यांची हयात गेली. तिथल्या खडखडाटात बोलायचं तर आवाज चढवावाच लागे. तो पुढे घरी आल्यावरही उतरत नसे. बदलापूरच्या मांजर्ली भागातल्या दोन खोल्यांत त्या नवऱ्याला चहा विचारत, तो शेजाऱ्यांनाही ऐकू जाई. बबनराव म्हणायचे, हिच्यामुळे जयंती मंडळाचं माइकचं भाडं वाचतं.

जयंती मंडळाच्या त्या कैक वर्षं खजिनदार होत्या. भीमजयंती झाली की पुढच्या रविवारी विहाराच्या अंगणात हिशेब वाचायचा, अशी वस्तीची रीत होती. वर्गणी किती आली, मांडवाला किती गेली, सगळं उभं राहून सांगायचं. रुपया देणाऱ्या म्हातारीनंही उठून विचारायचं आणि विचारलं म्हणून कुणी तोंड वाकडं करायचं नाही. दहाजणांचा पैसा दहाजणांसमोर वाचतात, हे चांगुणाबाईंना इतकं साधं वाटे की जगात दुसरी काही पद्धत असेल, असं त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं.

शहाऐंशी साली त्या निवृत्त झाल्या. कारखान्याची स्वतःची पेन्शन होती. कामगारांच्या पगारातून दर महिन्याला थोडं कापलं जाई, कंपनी त्यात भर घाली आणि एक पेन्शन मंडळ तो पैसा सांभाळी. महिन्याच्या सात तारखेला गेटशेजारच्या खिडकीवर पाकीट मिळायचं. उल्हासनगर, विठ्ठलवाडी, बदलापूर असे सगळीकडचे जुने लोक त्या दिवशी भेटत. समोरच्या सिंधी हॉटेलात चहा होई, गुडघेदुखी आणि जावयांच्या गोष्टी निघत. सात तारीख हा त्यांचा सण होता.

अठ्ठ्याऐंशीच्या डिसेंबरात त्या सणाला गालबोट लागलं. विठ्ठलवाडीच्या चाळीत राहणाऱ्या कौसाबाईचं पाकीट आलंच नाही. तिचा नवरा बॉयलरवर कामाला होता; तो गेल्यापासून तिला विधवेची पेन्शन मिळे. पावसाळ्यात पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून तिच्या सहीचा कागद घेऊन तिचा मुलगा येई. खिडकीवरच्या कारकुनानं त्याला सांगितलं, नाव बंद झालंय. विधवांनी दर नोव्हेंबरात मुंबईच्या मोठ्या ऑफिसात स्वतः हजर राहून जिवंत असल्याचं दाखवायचं, असा नवा नियम झाला होता. नोटीस लावली होती, पण कारखान्याच्या आत, कँटीनच्या फळ्यावर. निवृत्त माणसाला गेटच्या आत सोडत नसत.

चांगुणाबाई खिडकीवर गेल्या. नियम कुणी केला, असं त्यांनी विचारलं. कारकून म्हणाला, वरून आलाय.

"वर म्हणजे कोण?"

"मंडळ."

"मंडळात कोण कोण आहे?"

कारकुनाला माहीत नव्हतं. चांगुणाबाईंनी मागे वळून रांगेला विचारलं. कुणी मालकाच्या भावाचं नाव घेतलं, कुणी वारलेल्या एका मॅनेजरचं. खरं कुणालाच ठाऊक नव्हतं. आपल्या घामाचा पैसा कुणाच्या हातात आहे, हे एवढ्या माणसांत एकालाही सांगता येऊ नये, याचा त्यांना धक्का बसला. आणि त्या एवढ्या माणसांत आपणही आहोत, हे जास्त लागलं.

मंडळाचे सेक्रेटरी म्हणजे कारखान्याचे वेल्फेअर ऑफिसर शशिकांत देवस्थळी, एवढं मात्र त्यांनी शोधून काढलं. देवस्थळी बदलापूर गावातच राहत. रविवारी सकाळी चांगुणाबाई त्यांच्या दारात उभ्या राहिल्या. देवस्थळींनी त्यांना आत बोलावून खुर्ची दिली, चहा दिला आणि गोड बोलून काहीच सांगितलं नाही. पेन्शन वेळेवर मिळते ना, मग कशाला काळजी करता, असं त्यांचं म्हणणं. मंडळाचं कामकाज निवृत्तांना सांगायची पद्धत नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

"पद्धत कुणी पाडली, साहेब?" चांगुणाबाईंनी विचारलं.

देवस्थळी हसले आणि त्यांना दारापर्यंत सोडायला उठले.

घरी आल्यावर बबनरावांना वाटलं, ही आता भांडी आपटणार. पण चांगुणाबाई शांत होत्या. त्या म्हणाल्या, "माणूस वाईट नाही. त्याला आजवर कुणी विचारलेलं नाही, एवढंच."

मग अर्ज झाले. एक मराठीत, एक इंग्रजीत. उत्तर आलं नाही. फेब्रुवारीत चांगुणाबाईंनी सगळ्या निवृत्तांना विहाराच्या अंगणात बोलावलं. नेहमीचे उपाय निघाले: मोर्चा काढू, वकील करू, साहेबाला घेराव घालू. सगळं ऐकून घेऊन चांगुणाबाईंनी सांगितलं की मार्चची पेन्शन आपण घ्यायचीच नाही.

अंगणात कुजबुज झाली. महिपती उठला. तो मिक्सिंग खात्यातला, वाद घातल्याशिवाय पाणी न पिणारा. आपलंच पाकीट आपण नाकारायचं आणि उपाशी कोण राहणार, तर आपणच, असं त्यानं विचारलं. प्रश्न खोटा नव्हता. चांगुणाबाईंनी समजावून सांगितलं: मार्चअखेर मंडळाला वर्षाचा हिशेब तपासनिसापुढे ठेवावा लागतो. पाकिटं तशीच पडून राहिली तर तपासनीस विचारणार, माणसं जिवंत असून पैसे का घेत नाहीत? आपण मागतो तेव्हा ऐकायला कुणी नाही. आपण घेतलं नाही, तर त्यांना आपल्याकडे यावं लागेल.

सात मार्चला खिडकी उघडली. कारकून नाव पुकारी, म्हातारं माणूस पुढे होई, "आज नको," म्हणून बाजूला उभं राही. बायकाही मागे हटल्या नाहीत. महिपतीचं नाव आलं तेव्हा तो पुढे गेला, सही केली आणि पाकीट घेतलं. रांगेत एकदम आवाज उठला. कुणी त्याला शिवी हासडली.

"त्याला घेऊ द्या," चांगुणाबाई म्हणाल्या, आणि ते रस्त्यापलीकडेही ऐकू गेलं. "त्याची बायको दवाखान्यात आहे. ज्याला गरज आहे त्यानं घ्यावं. आपण कुणाचा हात धरायला आलो नाही."

महिपती मान खाली घालून गेला. बाकीचे तसेच उभे राहिले. दुपारी देवस्थळी बाहेर आले. त्यांच्यापुढे चांगुणाबाईंनी चार गोष्टी ठेवल्या. कौसाबाईची पेन्शन सुरू करा. मंडळावर कोण आहे, ते गेटच्या बाहेर लावा. वर्षातून एकदा अंबरनाथला येऊन आमच्यासमोर हिशेब वाचा. आणि मंडळात आमच्या मतानं निवडलेला एक माणूस घ्या. देवस्थळींनी कळवतो म्हटलं. एप्रिलमध्येही पाकिटं पडून राहिली. उल्हासनगरच्या कॅम्पातल्या किराणावाल्यांनी उधारी चालू ठेवली, म्हणून चुली पेटत्या राहिल्या. पण त्या महिन्यात चांगुणाबाईंना काळजी नव्हतीच असं नाही. एका म्हाताऱ्यानं औषध बंद केल्याचं कळलं, तेव्हा त्या स्वतः त्याच्या घरी गेल्या आणि त्याला पाकीट घ्यायला लावलं.

मे महिन्यात मंडळ आलं. कारखान्याच्या कँटीनमध्ये, जिथे निवृत्तांना मज्जाव होता तिथेच, बाकांवर त्यांना बसवलं. कौसाबाईचे थकलेले पैसे मंजूर झाले. मुंबईला हजर राहण्याऐवजी जवळच्या डॉक्टरचा दाखला चालेल, असं ठरलं. मग देवस्थळी हिशेब वाचायला उभे राहिले. लोक घोटाळा ऐकायला कान टवकारून बसले होते. घोटाळा निघाला नाही. निघालं ते एवढंच, की मंडळाची बैठकच कैक वर्षांत नीट झाली नव्हती. कागद टेबलावरून टेबलावर फिरत आणि जो तो न वाचता सही करी. कौसाबाईचा नियमही तसाच झाला होता. तिचं वाईट व्हावं असं कुणाच्या मनात नव्हतं. ती कुणाच्या मनातच नव्हती.

निवृत्तांच्या जागेसाठी हात वर झाले, ते चांगुणाबाईंसाठी. एका बाजूला महिपतीचाही हात होता.

तेव्हापासून त्या मंडळाच्या बैठकीला मुंबईला जाऊ लागल्या. कळेल असं मराठीत सांगा, म्हणायला त्या कचरल्या नाहीत. सही करण्याआधी कागद वाचून घ्यायच्या. हळूहळू बाकीचेही वाचू लागले.

एक्क्याण्णवच्या सभेत महिपती उठला. पेन्शनची ठरलेली वाढ मंडळानं वर्षभर पुढे ढकलली होती, आणि ते लोकांना आत्ता कळत होतं.

"अहिरेबाई, त्या कागदावर तुमची सही आहे," तो म्हणाला. "आम्हाला का नाही सांगितलं?"

चांगुणाबाईंचे कान तापले. पक्कं होईपर्यंत बाहेर बोलू नका, असं मंडळानं सांगितलं होतं आणि त्यांनी ते मानलं होतं. देवस्थळी मदतीला उठू लागले, त्यांना चांगुणाबाईंनी हातानं खुणावून बसवलं.

"सही माझी आहे," त्या म्हणाल्या. "वाढ थांबवली ते बरोबरच होतं, असं मला आजही वाटतं. तुम्हाला सांगितलं नाही, ते चुकलं. ती चूक माझी, मंडळाची नाही."

मग त्यांनी कारण सांगितलं. कंपनीनं आपला वाटा उशिरा भरला होता. त्याआधी वाढ दिली असती तर अजून कामावर असलेल्यांच्या ताटातलं गेलं असतं. यापुढे कुठलीही गोष्ट ठरण्याआधी सात तारखेला खिडकीवर सांगितली जाईल, नाहीतर मी सही करणार नाही, हेही त्यांनी सगळ्यांसमोर कबूल केलं. महिपतीनं आणखी दोन प्रश्न विचारले. शेवटी तो म्हणाला, मत तुम्हालाच देतो, पण मला पटलेलं नाही.

शहाण्णवपर्यंत त्या मंडळावर होत्या. पुढे कधीही एक्क्याण्णवच्या त्या सभेची गोष्ट निघाली की त्यांचा चेहरा खुले. त्या दिवशी सभेनंतर त्या आणि महिपती स्टेशनपर्यंत वाद घालत चालत गेले. तो कंपनीच्या वाट्यावरून हटेना, त्या कामावरच्या पोरांवरून हटेनात. त्यांची बदलापूरची गाडी आली आणि गेली. मग त्याची विठ्ठलवाडीची आली, तीही गेली. पुलाखाली उभं राहून दोघं अजून बोलतच होते.