सील हाय तोवर माल हाय

समस्त वाचकांनी क्षणभर शांत राहावं, घोषणा गंभीर आहे. नांदेडात, आमच्या गल्लीत, स्टोअरसाहेबांच्या घरी त्रेचाळीस इंची स्मार्ट टीव्ही आला, आणि काही महिन्यांत वहिनींना दिसेनासं झालं.

स्टोअरसाहेब म्हणजे लातूरच्या सरकारी गोदामात तीस वर्षं भांडारपाल राहिलेले गृहस्थ. मी त्यांच्या हाताखाली कारकून होतो. निवृत्तीनंतर नशिबानं शेजारीही झालो. आता ते नाहीत, म्हणून हे लिहायची हिंमत करतोय. असते तर आधी तीन प्रतींत अर्ज करावा लागला असता.

त्यांचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात मावायचं : "बाबू, सील हाय तोवर माल हाय." असे गृहस्थ तुम्हीही पाहिले असतील, पण साहेब त्यातले सरसेनापती. फ्रिजच्या दारावर निळं प्लास्टिक, स्कूटरच्या सीटवर पारदर्शक कव्हर, रिमोट पिशवीत घालून वर रबर. मे महिन्यात त्यांच्या सोफ्यावरून उठताना असा चर्रर्र आवाज यायचा, की पाहुण्याला वाटावं आपली पँट गेली. त्या घरात सील नसलेली गोष्ट एकच, वहिनींचं तोंड.

टीव्ही दुकानातला सगळ्यांत स्वस्त होता. तो भिंतीवर लावून झाल्यावर दुकानाचा माणूस पडद्यावरचं पातळ प्लास्टिक काढायला पुढं झाला, तसे साहेब मधे आडवे आले.

"हात लावू नको. काचेसारखं तर हाय."

माणूस गेला, प्लास्टिक राहिलं. रोज सकाळी साहेब ते ओल्या फडक्यानं पुसायचे. पुसून पुसून ते जुन्या घड्याळाच्या काचेसारखं पांढुरकं झालं. इतकं हळूहळू झालं, की वर प्लास्टिक आहे हेच सगळे विसरले. सगळ्यांत आधी साहेब.

मग गल्लीत चित्राच्या दर्जावर परिसंवाद सुरू झाले. कोणी म्हणालं, नेट कमी पडून राहिलंय. कोणी छातीठोक सांगितलं, स्वस्तातल्या टीव्हीत काळा रंग देतच नाहीत. मी स्वतः सेटिंगमध्ये शिरून रंगाचं तापमान नावाची काहीतरी गोष्ट वाढवली, तर सगळ्या कलाकारांना कावीळ झाली. "बाबू, जिथं होतं तिथं ठेव," साहेब म्हणाले. ते कुठं होतं, हे मला अजून माहीत नाही.

वहिनींचं मात्र रोज एकच : "वो, मला काई दिसून न्हाई राहिलं."

आता टीव्ही साहेबांनी स्वतः निवडलेला. त्यात खोट निघणं शक्यच नाही. म्हणजे उरले वहिनींचे डोळे. आणि इथं तो कडक माणूस घाबरला. वहिनींच्या आईची नजर म्हातारपणी गेली होती. साहेबांनी वहिनींना लातूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं, एकदा नाही, दोनदा. डॉक्टर म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत. परत आल्यावर साहेबांनी मला फाटकात गाठलं.

"डॉक्टर नवखा हाय रे. त्याला काय समजतंय?" मग आवाज खाली आला. "हिची नजर गेली तर, बाबू?"

मी विनोद करणार होतो, केला नाही. माझ्या आयुष्यातला तो विक्रम आहे.

त्या दिवसापासून संध्याकाळच्या मालिकेला साहेब वहिनींना खेटून बसायला लागले. बोलणं वहिनींना ऐकू यायचं, जे दिसायचं नाही तेवढं साहेब पुरवायचे.

"सून आली. मोरपंखी साडी. काठ सोनेरी."

"अन् अंगावर काय काय हाय?"

"ठुशी हाय. नथ हाय, तुझ्या मायची होती तशी. सासूनं नाक मुरडलं बघ."

मालिकेतलं घर करोडपतीचं, पण जेवणाचा प्रसंग आला की ताटात धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी. वहिनी ऐकण्यात इतक्या रंगायच्या, की हातातला चहा थंड व्हायचा. मागं बसून मी डोळे ताणायचो, तर मला धुक्यात हलणारी दोन गाठोडी दिसायची. साहेबांनाही तेवढीच दिसत असणार. भांडारात नसलेला माल त्यांनी जन्मात पहिल्यांदा कुणाला दिला होता.

असे सहा-सात महिने गेले. मग वहिनींचा धाकटा भाऊ लातूरहून मुक्कामाला आला. लातूरचा पाहुणा नांदेडात येतो तोच खोट काढायला.

"दाजी, टीव्ही घेतलाव का मच्छरदाणी?"

"तुमच्या नळाला पाणी कवा येतंय ते बघा आधी," साहेबांनी तिथल्या तिथं परतफेड केली.

पाहुणा ऐकणारा नव्हता. ऐन मालिकेत उठला, पडद्याला नाक लावलं, कोपऱ्यात नख घातलं.

"पाव्हणं! सील!" साहेब ओरडले.

उशीर झाला होता. चर्रर्र करत ते प्लास्टिक केळ्याच्या सालीसारखं सोलून निघालं आणि खोलीत लख्ख उजेड पडला. पडद्यावर सून उभी होती. अंगात फिक्कट पंजाबी ड्रेस, गळा मोकळा, नाक मोकळं. टेबलावर ब्रेड. सासू तर चक्क हसत होती.

साहेबांनी टीव्हीकडं पाहिलंच नाही. ते वहिनींकडं बघत होते.

"दिसायलंय?"

"दिसायलंय की."

"नीट?"

"तिच्या नखाचा रंग उडालाय, त्यो बी दिसायलाय."

साहेबांनी रुमालानं तोंड पुसलं, दोनदा पुसलं, आणि खुर्चीत बसले. सोललेलं सील पायाशी पडलं होतं. त्यांनी ते उचललंसुद्धा नाही.

मालिका पुढं चालू राहिली. सगळं दिसतच होतं, त्यामुळं साहेबांना सांगायला काही उरलं नव्हतं. वहिनींनी एकदा सुनेकडं पाहिलं, एकदा ब्रेडकडं, एकदा साहेबांकडं. मग भावावर अशा कडाडल्या, की गल्लीनं ऐकलं :

"मुडद्या, चिकटव ते परत!"