टेंटेटिव्ह आजोबा

चेन्नईतल्या मैलापूर स्टेशनच्या बाकावर रोज सकाळी एक तंजावरी मराठी आजोबा भेटत. नाव मी कधी विचारलं नाही. मांडीवरच्या वहीतून ते इंग्रजी शब्द घोकत: टेंटेटिव्ह, आयटिनररी, कन्टिंजन्सी. परदेशातला मुलगा फोनवर असंच बोलतो म्हणे. लख्ख उन्हातही छत्री आणत, 'कन्टिंजन्सी' म्हणून, न जाणो पाऊस आलाच तर. चहाला बोलावलं, तर 'टेंटेटिव्हली', नक्की नाही असं म्हणत, उठत आणि दोन कप पिऊन येत.

एकदा मी चेष्टेनं विचारलं, "मग, मुलाचं येणं कुठवर आलंय?"

"चार वर्षं प्लॅनिंग चाललंय," ते हसून म्हणाले. "हे सगळे न येणाऱ्याचे शब्द, बाळा. येणारा दोनच बोलतो: अप्पा, येतो."

आणि त्यांनी वहीचं नवं पान उघडलं.